खिडकीबाहेरचा मामा

मुंजाजीमामा काळीपिवळीतून उतरला तेव्हा त्याच्या एका हातात लाडवांचा डबा होता, दुसऱ्या हातात दोरी आणि काखेत दहावीची गाईडं. आईनं ओसरीवरूनच पदर सावरला आणि पाय धुवायला तांब्या पुढं केला. मला वाटलं विसरतोस का काय, असं ती म्हणाली. त्यावर मामा म्हणाला, आक्का, भाचीची दहावी काय दरवर्षी येते का, विसरीन कसा.

दोरी कशाला, हे मी विचारलं नाही. गावातल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं.

आमच्या टाकळझरीत दहावीच्या कॉप्या पुरवायचा मान मामाचा. हे कुणी ठरवलं देव जाणे. जावळ मामाच्या मांडीवर काढायचं, तसंच हे. बाप शाळेच्या भिंतीवर चढला तर लोक नावं ठेवायचे, पोराला मामा नाही का म्हणायचे. त्यामुळं मार्च महिन्यात गावात लग्नसराईसारखे पाहुणे. घरोघरी मामांसाठी पुरणपोळ्या, नाहीतर कोंबडं. पेपराची घंटा झाली की धुतलेली धोतरं आणि इस्त्रीचे पायजमे शाळेच्या मागच्या भिंतीवर ओळीनं बसलेले दिसायचे. हेडमास्तर वट्टमवार सर तेवढ्या वेळापुरते ऑफिसात जाऊन दार लावून घ्यायचे. ते वाईट नव्हते. शाळेचा निकाल पडला तर शाळा बंद पडेल, या भीतीनं त्या माणसाला रात्रीची झोप नव्हती.

आणि या सगळ्या मामांमध्ये आमचा मुंजाजीमामा म्हणजे राजा. भिंत असो, झाड असो, माणूस खारीसारखा वर जायचा. चिठ्ठीत खडा गुंडाळून असा फेकायचा की बरोब्बर बाकावर पडावी. माझा थोरला भाऊ सोपान त्याच्याच चिठ्ठ्यांवर फर्स्ट क्लासात आला होता. गावानं हार घातला, आमच्या वडिलांनी, आबांनी, त्याला सायन्सला लातूरला घातलं. दिवाळीला तो घरी आला आणि परत गेलाच नाही.

का गेला नाही, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, पण मला एकदा म्हणाला होता. उत्तर तर सोडच, सर प्रश्न काय विचारतात हेच कळत नव्हतं, म्हणाला. तेव्हापासून तो उजाडायच्या आत म्हशी घेऊन बाहेर पडायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. रस्त्यात कुणी भेटू नये म्हणून. आमच्या घरात लातूरचं नाव कुणी काढत नसे.

हे मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. मला नर्स व्हायचं होतं आणि तिथं खिडकीबाहेर मामा येत नसतात एवढी अक्कल मला आली होती. म्हणून मी वर्षभर डोळे फुटेस्तोवर अभ्यास केला. फार हुशार होते अशातला भाग नाही, पण हट्टी होते. पेपर आपल्या हातानं लिहायचा आणि मामाची एकही चिठ्ठी घ्यायची नाही, हे मी ठरवून टाकलं होतं.

आईला चुलीपाशी हे सांगितलं तेव्हा तिच्या हातातली भाकरी तव्यावर पडायच्या ऐवजी राखेत पडली. आमच्या शेजारच्या केवळाबाईचं उदाहरण ताजं होतं. तिच्या पोरानं आदल्या वर्षी सख्ख्या मामाची चिठ्ठी बाजूला सारून दुसऱ्याच्या मामाची घेतली, का तर त्याचं गाईड नवीन होतं. केवळाबाईचा भाऊ भरल्या ताटावरून उठून गेला, तो भाऊबीजेलाही आला नाही. त्या भाऊबीजेला केवळाबाईनं अंगणात उभं राहून चांदोबाला ओवाळलं. भाऊ जिवंत असून.

"मला एकच भाऊ आहे वैजंते," आई म्हणाली. "मला चांदोबाला ओवाळायला लावू नको."

आता सांगा, यावर काय बोलायचं? मामाला आपणच समजावून सांगू असं ठरवलं, पण मामा ओसरीवर मांडी घालून, जीभ बाहेर काढून, इवल्याशा अक्षरात गणिताची प्रमेयं उतरवून काढत होता. मधूनच मान वर करून म्हणायचा, काळजी करू नको बाई, तुझा मामा आहे. मला काही तोंड उघडवेना.

भाषांचे पेपर मामा यायच्या आधीच झाले होते; त्याच्या हिशेबानं पहिला पेपर गणिताचा. माझी जागा मागच्या बाकावर, अगदी खिडकीला लागून. पेपर हातात येऊन थोडा वेळ झाला नाही तोच पहिली चिठ्ठी पायाशी येऊन पडली. मी ती पायानं सरकवली. दुसरी आली. तिसरी तर थेट पेपरावर. माझं समीकरण अर्ध्यावर आलं होतं, ते डोक्यातून उडालं, आणि मग माझं टाळकंच सरकलं. मी तिन्ही चिठ्ठ्या गोळा केल्या आणि खिडकीतून बाहेर भिरकावल्या. त्यातली एक भिंतीवरच्या कुणाच्या तरी टकलावर आपटली.

"मुंजाजी, तुझा माल परत आला रे," कुणीतरी ओरडलं आणि सगळी भिंत हसायला लागली. त्यानंतर एकही चिठ्ठी आली नाही.

घरी आले तर मामा बाजेवर भिंतीकडं तोंड करून निजला होता. पिशवी भरून उशाशी ठेवलेली. पुरणपोळीचं ताट तसंच झाकलेलं. आई उंबऱ्यात बसली होती आणि तिच्याकडं माझ्यानं बघवत नव्हतं. सोपानसुद्धा त्या दिवशी म्हशी लवकर घेऊन आला होता. बातमी रानापर्यंत गेली असणार.

मी बाजेपाशी जाऊन उभी राहिले. मामा भिंतीलाच म्हणाला, "काय चुकलं माझं? अक्षर लागत नव्हतं का?"

"अक्षर चांगलं होतं मामा."

"मग भर गावात माझी इज्जत काहून काढलीस?"

मला रडू येत होतं, पण रडले असते तर सगळंच मुसळ केरात गेलं असतं. मी म्हणाले, "मामा, सोपानला तुम्ही सगळं दिलं. एक प्रश्न सोडला नाही. पण लातूरला त्याच्यासोबत कोण होतं?"

दारात सोपान म्हशीचं दावं हातात घेऊन उभा होता. आत आला नाही आणि बाहेरही गेला नाही. मामा कूस बदलून त्याच्याकडं बघायला लागला आणि बघतच राहिला.

मामाची एक गोष्ट आमच्या घरात फार प्रसिद्ध होती. तो स्वतः त्याच्या मामाच्या कॉप्यांवर दहावी झालेला. त्या सर्टिफिकेटवर वायरमनच्या कोर्सला नंबर लागला, तोही कसाबसा निभावून नेला आणि पहिलंच काम मिळालं ते एका लग्नाच्या मांडवाचं. यानं कुठली तार कुठं जोडली देव जाणे, वरात मांडवाच्या दारात आली आणि सगळे बल्ब एकदम फुटले, लाउडस्पीकरमधून धूर निघाला आणि नवरदेवाचा घोडा नवरदेवाला घेऊन शिवारात पसार झाला. मामा ही गोष्ट घोड्याच्या आवाजासकट सांगायचा आणि आम्ही पोट धरधरून हसायचो.

त्या संध्याकाळी त्यानं घोड्याचा आवाज काढला नाही.

"घोड्याच्या आधी मी पळालो होतो," तो म्हणाला. "परत त्या कामाला हात लावला नाही. येतच नव्हतं गं काही. खांब दिसला की हातपाय गार पडायचे. एखाद्याचा जीव गेला असता. लोकांना हसायला सांगतो झालं."

आई पदरानं डोळे पुसत म्हणाली की एवढं मला कधी बोलला नाहीस. मामा उठून बसला. चिडलेला नव्हता, पण पार गोंधळून गेला होता. "बरं, घेऊ नको चिठ्ठी," तो म्हणाला. "पण मग मी करू काय? मामा आहे मी. घरात बसून राहिलो तर लोक म्हणतील मामा मेला का काय."

हे मात्र मला आधी सुचलं नव्हतं, तेव्हाच सुचलं. मी म्हणाले, "लग्नात नवरीचा मामा काय करतो? सासरी जाऊन स्वयंपाक करतो का? तो नुसता तिच्या पाठीमागं उभा राहतो. तुम्ही तसे उभे राहा. माझ्या खिडकीपाशी. हातात काही घ्यायचं नाही."

"नुसतं उभं राहायचं?"

"नुसतं."

मामानं डोक्यावरून हात फिरवला. मग आईला म्हणाला, आक्का, फेटा आणलाय का मी, बघ बरं पिशवीत. आईनं आधी ताटावरचं झाकण काढलं आणि ते त्याच्यापुढं सरकवलं.

विज्ञानाच्या पेपराला मुंजाजीमामा फिरोजी फेटा बांधून माझ्या खिडकीबाहेर येऊन उभा राहिला. भिंतीवर खसखस पिकली. पण खरी गंमत पुढंच होती. माझी खिडकी वर्गात सगळ्यात मोठी. बाकीचे मामा तिच्यातूनच पुढच्या बाकांवर माल फेकायचे. आता वाटेत हा फेटा. पहिली चिठ्ठी आली ती मामानं एका हातानं वरच्या वर झेलली आणि खिशात घातली. दुसरीही झेलली. काही मात्र पुढच्या लहान खिडक्यांतून पोचतच होत्या. माझ्या भाच्याची आहे ती, म्हणून भिंतीवरून आरडाओरडा झाला. मामानं शांतपणे सांगितलं, असेल, पण इकडून जायची नाही, आमच्या वैजंताचं ध्यान मोडतं. मी मान खाली घालून लिहीत होते आणि हसू दाबता दाबता माझी रेघ वाकडी जात होती.

तेवढ्यात भरारी पथकाची जीप आली.

आमच्या गावाला पथक यायचं म्हणजे नवलच, रस्ताच तसा होता. भिंतीवरचे मामा पटापट पलीकडं पडले, एकाचं धोतर वरच अडकून राहिलं. आमचा मामा हलला नाही. पुढं कधीतरी विचारलं तेव्हा म्हणाला, मंगलाष्टका चालू असताना मामा पळतो का.

पथकाच्या प्रमुख एक बाई होत्या, उंच, चष्मा लावलेल्या. बारहाते मॅडम हे नाव नंतर कळलं. त्यांनी मामाला दंडाला धरून वर्गात आणलं आणि त्याचा खिसा माझ्या बाकावर उलटा केला. चिठ्ठ्यांचा हा ढीग पडला. वट्टमवार सर दारात उभे होते, त्यांच्या सदऱ्याला घामाचे डाग पडले होते.

मॅडमनी माझा पेपर उचलला, नंबर बघितला आणि आवाज न चढवता सांगितलं की आता तुला पुढच्या परीक्षांनाही बसता येणार नाही. वर्षभराचा अभ्यास, नर्सिंग, सगळं त्या बाकावरच्या कागदांच्या ढिगात गेलं असं वाटलं. आणि मुळात चिठ्ठी न घेणारी त्या वर्गात मी एकटी. कसंबसं म्हणाले, "मॅडम, मी एकही घेतली नाही."

"सगळे हेच म्हणतात."

मामानं हात जोडले. "बाईसाहेब, मी कॉपी द्यायला उभा नव्हतो. अडवायला उभा होतो."

सगळा वर्ग फिसकन हसला. मॅडमच्याही ओठाचा कोपरा हलला. आजवर पुष्कळ कारणं ऐकली, हे पहिल्यांदाच ऐकते, असं त्या म्हणाल्या.

"मग तपासा," मामा म्हणाला. "या ढिगातलं एक वाक्य हिच्या पेपरात निघालं तर मला आत टाका. पण नाही निघालं तर पोरीचा पेपर परत द्या."

मॅडम माझ्याशेजारी बाकावर बसल्या. एक चिठ्ठी उलगडली, ती हृदयाच्या कार्याची होती. ती वाचता वाचता थांबल्या आणि उठून पुढच्या बाकावरच्या उत्तमचा पेपर उचलला. मग त्याच्या पुढच्याचा. मग खिडकीकडच्या अख्ख्या ओळीचे. आणि चष्मा वर करून त्यांनी मोठ्यानं वाचलं, "'आकृती मागील पानावर पाहावी.' का रे, तुझ्या मागच्या पानावर काय आहे?"

उत्तमनं पान उलटून पाहिलं. मागच्या पानावर त्याचा बैठक क्रमांक होता.

सगळ्या ओळीनं तेच लिहिलं होतं. मामांनी गाईडातून उतरवताना तेही वाक्य इमानेइतबारे उतरवलं होतं, आणि भाच्यांनी ते तितक्याच इमानानं पेपरात. माझ्या पेपरात ते वाक्य नव्हतं. माझं हृदय खोडूनखोडून आंब्यासारखं झालेलं, आणि महाधमनी कुठून निघते ते न आठवल्यामुळं मी ती बाजूनं काढलेली.

मॅडमनी आणखी एक चिठ्ठी उलगडली. माझ्या पेपरावर बोट ठेवलं. मग मामाकडं बघितलं, पुन्हा पेपराकडं बघितलं.

"रोगजंतूंशी कोणत्या पेशी लढतात," त्यांनी वाचलं. "हिनं लिहिलंय तांबड्या. तुमच्या खिशात लिहिलंय पांढऱ्या. पांढऱ्याच बरोबर आहे. तुम्ही हिचे सख्खे मामा?"

"सख्खा," मामा म्हणाला.

"खिशात बरोबर उत्तर घेऊन दोन हातांच्या अंतरावर उभे राहिलात आणि भाचीला चुकीचं लिहू दिलंत?"

मामा म्हणाला, "तिनं नुसतं उभं राहा म्हणून सांगितलं होतं."

मॅडमनी चष्मा काढला आणि पुसला. पुसायला जरा वेळच लावला त्यांनी. मग पेपर माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाल्या, लिही, गेलेला वेळ वाढवून देते.

पण आता पंचाईत अशी की बरोबर उत्तर भर वर्गात वाचून झालेलं. माझ्यासमोर 'तांबड्या' हा शब्द आणि हातात पेन. खोडून वर लिहायला कितीसा वेळ लागतो. मॅडम पुढच्या बाकांवरचे पेपर गोळा करत होत्या, माझ्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. मी खिडकीकडं बघितलं. मॅडमनी अडवलं नाही तसा मामा परत जागेवर जाऊन उभा राहिला होता, माझ्याकडं पाठ करून. मला माझाच राग आला. इतकं सोपं मी चुकलेच कशी? आणि त्या रागात मी पान उलटलं आणि भिंगाचं राहिलेलं गणित सोडवायला घेतलं. ते मात्र बरोबर आलं.

त्या वर्गातल्या बहुतेकांचे निकाल राखून ठेवले. त्यांना ऑक्टोबरला तालुक्याच्या गावी जाऊन बसावं लागलं. गाव मामावर खूप चिडलं. पथक यानंच बोलावलं, असंही लोक म्हणाले. मामा कुणाशी भांडला नाही, शेवटचा पेपर होईपर्यंत रोज फेटा बांधून उभा राहिला आणि मग लाडवांचा रिकामा डबा घेऊन आपल्या गावाला गेला.

जूनमध्ये निकाल लागला. मी सेकंड क्लासात पास झाले. पंचावन्न टक्के. आमच्या गावात त्याआधी एवढ्या कमी मार्कांचे पेढे कुणी वाटले नव्हते. मामा दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर. घरात पाऊलही न टाकता पेढ्यांचा पुडा घेऊन तो वेशीपासून निघाला. पारावर, पिठाच्या गिरणीत, केवळाबाईच्या अंगणात, जो दिसेल त्याच्या हातावर पेढा ठेवून सांगत सुटला.

"आमची वैजंता पास झाली. मी काहीसुद्धा केलं नाही. एक शब्द दिला नाही. माझा काडीचा हात नाही त्याच्यात." असं छाती पुढं काढून सांगायचा की ऐकणाऱ्यानं बघतच राहावं. आई मागून चालत होती, हसत होती आणि डोळे पुसत होती, दोन्ही एकदमच. भाऊबीजेचं आमंत्रण तिनं जूनमध्येच देऊन टाकलं.

सगळ्या गावाला वाटून तो शेवटी आमच्या गोठ्यापाशी आला. सोपान म्हशीला वैरण टाकत होता. मामानं पुड्यात हात घातला, एक पेढा काढला, तो परत ठेवला आणि दोन काढले. ते सोपानच्या हातावर ठेवताना त्याचा मघाचा आवाज पार बसला.

"तुला मात्र मी लई दिलं रे, पोरा," तो म्हणाला.

सोपाननं दुसऱ्या हातातली वैरण खाली टाकली. पेढे खाल्ले, दोन्ही, सावकाश. मला वाटलं आता हा उठून रानात निघून जातो. पण तो मामाकडं बघून हसला. लातूरहून आल्यापासून त्याला हसताना मी पाहिलं नव्हतं.

"मामा, मी सतरा नंबरचा फॉर्म भरतोय," तो म्हणाला. "घरी बसून अभ्यास करून बारावी देतो. वैजंताची दहावीची पुस्तकं घेतलीत, आधी तिथून सुरुवात करतो. पण एक सांगतो, परीक्षेच्या दिवशी तुम्ही आपल्या गावालाच राहायचं."

"फेटासुद्धा नको?"

"फेटासुद्धा नको."

"राहतो," मामा म्हणाला, आणि तिथंच गोठ्यात पेंढीवर बसून त्यानं आईला चहा टाकायला सांगितला.